परवान्याचे पिस्तूल जवळ असताना पोलिसांनी गाडी थांबवली, तर आपण होऊन सांगावे का?

पैलतीर (प्रश्न)

नमस्कार. मी अकरा वर्षांपासून ओहायो राज्यातील कोलंबस येथे राहतो. ग्रीनकार्ड मिळाल्यानंतर, दोन वर्षांपूर्वी, आठ तासांचे प्रशिक्षण पूर्ण करून शेरीफच्या (परगण्याच्या पोलीसप्रमुखाच्या) कार्यालयातून अंगावर दिसणार नाही असे पिस्तूल बाळगण्याचा परवाना काढला. १३ जून २०२२ पासून ओहायोत एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला त्यासाठी परवान्याची सक्ती उरलेली नाही. तरीही मी तो काढला, कारण शेजारच्या राज्यांत गेल्यावर तो कागदच उपयोगी पडतो. पिस्तूल घ्यायला हवे होते का, या वादात कृपया पुन्हा शिरू नये. तो येथे अनेकदा होऊन गेला आहे आणि माझ्या घरातही तो पुरता मिटलेला नाही.

प्रश्न निराळा आहे. मे महिन्यात आम्ही दोघे मिशिगनमधील ट्रॉय येथे मित्राच्या मुलाच्या मुंजीला निघालो होतो. फिंडलेच्या अलीकडे, ताशी सत्तर मैलांच्या मर्यादेत मी त्र्याऐंशीच्या वेगाने जात असताना मागे दिवे लुकलुकले. चूक माझीच होती. गाडी बाजूला घेतली आणि काच खाली केली. अधिकाऱ्याने वाहनपरवाना आणि नोंदणीपत्र मागितले. नोंदणीपत्र समोरच्या कप्प्यात होते आणि पिस्तूल माझ्या उजव्या कमरेला, सीटबेल्टच्या बकलाच्या अगदी वर होते. मी वाकून कप्पा उघडला, कागद दिले, तो ते घेऊन आपल्या गाडीकडे गेला. पाच मिनिटांनी परत आल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता की आत्ता या क्षणी जवळ हत्यार आहे का. मी हो म्हणालो आणि कोठे आहे तेही सांगितले. त्याने हात सुकाणूवर ठेवायला सांगितले, दंडाची पावती दिली आणि जाता जाता शांतपणे म्हणाला की तुमच्या परवान्याची नोंद मला संगणकावर दिसली होती, ती मी पाहण्यापूर्वी तुमच्या तोंडून ऐकायला आवडले असते. आणि मिशिगनमध्ये असेच गप्प राहिलात तर महागात पडेल.

त्यानंतर टोलीडो येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. तिचे म्हणणे असे की काच खाली करताक्षणी सांगायला हवे होते. माझ्या प्रशिक्षकाने मात्र वर्गात स्पष्ट सांगितले होते की विचारल्याखेरीज एक अक्षर बोलू नका, कायदा तुम्हाला बांधत नाही आणि शांत प्रसंगात ‘पिस्तूल’ हा शब्द टाकून तुम्ही स्वतःच तो प्रसंग बिघडवता. दोघांचेही म्हणणे मला पटते, हीच अडचण आहे. कायदा नेमका काय सांगतो, आणि कायदा गप्प बसण्याची मुभा देत असेल तेथेही शहाणपण कशात आहे, याविषयी ज्यांना माहिती वा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

निळी शाई

आधी कायद्याचे पाहू, कारण आपल्या लोकांत याविषयी ऐकीव माहितीच फार फिरते. अमेरिकेत या बाबतीत देशभर लागू असा एकच नियम नाही. प्रत्येक राज्याने आपापला ठरवला आहे, आणि राज्याची सीमा ओलांडताच तो बदलतो. आपला कोलंबस ते ट्रॉय हा रस्ताच त्याचे उत्तम उदाहरण आहे.

मिशिगनमध्ये परवानाधारकाला पोलिसाने थांबवले, तर पिस्तूल जवळ किंवा गाडीत असल्याचे त्याने ताबडतोब सांगितले पाहिजे. कायद्यातला शब्दच ‘ताबडतोब’ असा आहे. पोलिसाने विचारण्याची वाट पाहता येत नाही. पहिल्या चुकीला पाचशे डॉलर दंड आणि सहा महिने परवाना स्थगित. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा तेच घडले तर हजार डॉलर आणि परवाना रद्द. ओहायोचा परवाना घेऊन मिशिगनमध्ये जाणाऱ्या ओहायोच्या रहिवाशालाही हे लागू आहे. जाता जाता आणखी एक गोष्ट: ओहायोत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणारा माणूस त्याच अवस्थेत सीमा ओलांडून मिशिगनमध्ये शिरला, तर तो सांगण्या-न सांगण्यापूर्वीच गुन्हेगार ठरतो. त्यामुळे परवाना काढण्याचा आपला निर्णय योग्यच होता.

ओहायोत २०२२ पूर्वी मिशिगनसारखाच नियम होता. थांबवल्यावर ‘तत्परतेने’ सांगावे लागे. या ‘तत्परतेने’ शब्दाने तेथे बरेच रामायण घडवले. २०११ साली कँटन शहरात एका चालकाला रात्री थांबवले असता तो परवाना हातात धरून काही सांगू पाहत होता, अधिकारी त्याला बोलू देत नव्हते, आणि शेवटी त्याच्यावरच वेळेत न सांगितल्याचा ठपका ठेवण्यात आला. त्या वेळी अधिकाऱ्याने त्याला जिवे मारण्याची भाषा केली होती आणि ते सर्व पोलिसांच्याच गाडीतील कॅमेऱ्यात नोंदले गेले. तत्परता म्हणजे किती सेकंद, हा प्रश्न त्यानंतर अनेक वर्षे विधिमंडळात घोळत राहिला. आता ओहायोत अधिकाऱ्याने विचारले तरच सांगणे बंधनकारक आहे. मात्र विचारल्यावर खोटे बोलणे किंवा लपवणे हा गुन्हा आहे. हात दिसतील असे ठेवणे, पिस्तुलाला स्पर्श न करणे आणि अधिकाऱ्याच्या सूचना पाळणे ही बंधनेही कायम आहेत. आपण तेव्हा कायदा मोडला नाही. तो अधिकारीही तसे म्हणाला नाही, हे लक्षात घ्यावे.

इतर राज्यांत याच दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या आढळतात. नॉर्थ कॅरोलायनात परवानाधारकाने अधिकारी जवळ येऊन बोलू लागताच सांगावे लागते. अलास्कात परवाना नसला तरी पिस्तूल बाळगता येते, पण पोलिसाची गाठ पडताच सांगणे मात्र सक्तीचे आहे. इलिनॉय आणि मिनेसोटात विचारल्यावर सांगावे लागते. ॲरिझोनात विचारले तर खरे उत्तर देणे भाग आहे, आणि थांबवलेल्या वेळेपुरते पिस्तूल ताब्यात ठेवण्याचा अधिकार पोलिसाला आहे. टेक्सासची गंमत वेगळीच आहे. तेथे पोलिसाने ओळखपत्र मागितले आणि परवानाधारकाजवळ पिस्तूल असले, तर त्याने वाहनपरवान्यासोबत पिस्तुलाचा परवानाही पुढे करावा असे कायदा सांगतो, पण न केल्यास असलेली शिक्षा २००९ साली काढून टाकण्यात आली. म्हणजे कर्तव्य आहे, दंड नाही. आणि २०२१ पासून तेथे परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येत असल्यामुळे, परवाना काढणाऱ्या जबाबदार माणसावर बंधन आणि न काढणाऱ्याला मोकळीक असा उलटा न्याय झाला आहे.

शहाणपण कशात, हा आपला दुसरा प्रश्न मी इतरांवर सोडतो.

साधा माणूस

वरील माहितीबद्दल आभार. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. येथे आपण होऊन सांगण्याचे बंधन नाही, आणि जेथे बंधन नाही तेथे सांगू नये असे माझे ठाम मत आहे. ते कशामुळे बनले ते सांगतो.

२०१३ च्या शरदात फिलाडेल्फियात राहणारी दोन मुलांची एक आई डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेली. तिच्याजवळ पेनसिल्व्हेनियाचा परवाना आणि रीतसर विकत घेतलेले पिस्तूल होते. अटलांटिक सिटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लेन बदलण्याच्या किरकोळ कारणावरून पोलिसाने थांबवले. वर्गात शिकवल्याप्रमाणे तिने प्रामाणिकपणे सांगितले की माझ्याजवळ पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना. न्यू जर्सी पेनसिल्व्हेनियाचा परवाना मानत नाही, हे तिला ठाऊक नव्हते. तिला तेथेच अटक झाली, काही आठवडे तिने तुरुंगात काढले, आणि सक्तीच्या किमान साडेतीन वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार तिच्या डोक्यावर वर्षभर राहिली. लोकांनी आवाज उठवल्यावर खटला सौम्य मार्गाने वळवण्यात आला आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. गव्हर्नरची माफी प्रत्येकाच्या नशिबी नसते. ती गप्प राहिली असती, तर बहुधा लेन बदलल्याचा दंड भरून घरी गेली असती.

दुसरे उदाहरण सर्वांना माहीत आहे. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटातील फाल्कन हाइट्स येथे फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय माणसाला मागचा दिवा बंद असल्याचे कारण देऊन थांबवण्यात आले. तो सेंट पॉलच्या एका शाळेत मुलांच्या भोजनाची व्यवस्था पाहत असे. त्याच्याजवळ परवाना होता. मिनेसोटाचा कायदा न विचारता सांगण्याची सक्ती करत नाही, तरी त्याने अतिशय सौम्य शब्दांत, ‘सर’ म्हणून, जवळ पिस्तूल असल्याचे सांगितले. पुढच्या काही सेकंदांत अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. जून २०१७ मध्ये ज्युरीने त्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले. त्याआधीच्या चौदा-एक वर्षांत कॅस्टीलला वाहतुकीच्या क्षुल्लक कारणांवरून चाळीसहून अधिक वेळा थांबवण्यात आले होते. इतक्या अनुभवी माणसाने इतक्या अदबीने सांगूनही जे घडले ते पाहिल्यावर, आपल्या सावळ्या कातडीच्या लोकांनी ‘नम्रपणे सांगितले की झाले’ या भ्रमात राहू नये.

तिसरा मुद्दा न्यायालयाचा आहे. २०१७ साली चौथ्या सर्किटच्या, म्हणजे पूर्वेकडील काही राज्यांसाठी असलेल्या संघराज्याच्या अपील न्यायालयाने पूर्णपीठाने असे ठरवले की कायदेशीर कारणाने थांबवलेल्या व्यक्तीजवळ हत्यार असल्याची रास्त समजूत पोलिसाला झाली, तर तेवढ्यावरून त्याला अंगझडती घेता येते. ती व्यक्ती परवानाधारक असू शकते म्हणून फरक पडत नाही. थोडक्यात, सशस्त्र म्हणजेच धोकादायक असे त्या न्यायालयाचे गणित आहे. आपण तोंडाने सांगितले की त्या गणिताची पहिली पायरी आपणच पोलिसाला भरून देतो. मग तो पिस्तूल काढून घेणार, त्याच्या ओळखीचे नसलेले ते यंत्र रस्त्याच्या कडेला, ट्रक अंगावरून जात असताना, रिकामे करू पाहणार आणि आपण हात वर करून शेजारी उभे राहणार. माझ्या मते त्या सगळ्या प्रकारात सर्वांत मोठा धोका हाच आहे. पिस्तूल म्यानात असते तेव्हा ते कोणालाही इजा करत नाही.

ताम्हण

साधा माणूस यांच्या भावनेशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. मी टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला राहते. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या पोलिसांनी नागरिकांसाठी चालवलेल्या परिचयवर्गाला मी गेले होते. दर आठवड्याला एक संध्याकाळ असे ते चालले आणि शेवटी एक रात्र गस्तीच्या गाडीत बसता आले. त्या एका रात्री मागच्या बाजूने जे दिसले, ते आपल्याला चालकाच्या जागी बसून कधीच दिसत नाही.

अधिकारी गाडीतून उतरतो तेव्हा तो माणसाकडे पाहत नसतो, खांद्यांकडे पाहत असतो. थांबता थांबता चालकाचा उजवा खांदा खाली गेला, की त्याला कळते की हा काहीतरी काढतो आहे किंवा लपवतो आहे. ते विम्याचे कागद आहेत की आणखी काही, हे मागून कळण्याचा मार्ग नाही. आपली माणसे नेमके हेच करतात. साहेब येईपर्यंत कागद तयार ठेवावेत, त्यांचा खोळंबा होऊ नये, या सद्भावनेने आपण वाकून कप्पा उपसू लागतो. आणखी एक देशी सवय म्हणजे गाडीतून उतरून साहेबांकडे चालत जाणे. आपल्याकडे गाडीत बसून राहणे उद्धटपणाचे वाटते, येथे उतरणे धमकीचे वाटते. माझ्या सासऱ्यांना हे समजावण्यात माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली होती.

अधिकारी दाराच्या थोडा मागे, गाडीच्या दोन दारांमधल्या खांबाच्या आडोशाला उभा राहतो, म्हणजे चालकाला त्याच्याकडे पाहायला मान वळवावी लागते आणि त्याला मात्र चालकाचे दोन्ही हात दिसतात. रात्री तो मुद्दाम आरशांत झोत टाकतो. हे सगळे तो गृहीत धरून करतो की प्रत्येक गाडीत हत्यार असू शकते. त्यामुळे ‘सांगून आपण त्याच्या डोक्यात शंका घालतो’ हे म्हणणे मला पटत नाही. शंका तेथे आधीच बसलेली असते. ओहायो, मिशिगन आणि आमच्या टेक्सासमध्ये तर वाहनपरवाना तपासताच परवान्याची नोंद समोर येते. पैलतीर यांच्या बाबतीत तेच झाले. अधिकारी पहिल्यांदा खिडकीशी आला तेव्हा त्याला केवळ शक्यता ठाऊक होती; परत येताना त्याला नोंद ठाऊक होती आणि हेही ठाऊक होते की या माणसाने ती आपल्याला सांगितली नाही. या दुसऱ्या फेरीतला त्याचा प्रश्न अधिक ताठ असणार, यात नवल ते काय?

कॅस्टीलच्या प्रसंगाविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे, कारण तेथे चूक कॅस्टीलची होती असे सुचवणे मला मान्य नाही. त्याने योग्य तेच केले आणि तरी जीव गमावला. पण त्यातला क्रम पाहावा. अधिकाऱ्याने आधी वाहनपरवाना आणि विम्याचा कागद मागितला. विम्याचा कागद दिल्यानंतर पिस्तुलाचा उल्लेख झाला, आणि त्या वेळी वाहनपरवाना काढायचा बाकी होता. म्हणजे एकाच क्षणी दोन आज्ञा त्याच्यासमोर होत्या: ओळखपत्र काढ आणि पिस्तूल काढू नकोस. दोन्हींसाठी हात खिशाच्याच दिशेने जाणार होता. घाबरलेल्या अधिकाऱ्याने त्यातली आपल्याला वाटली ती हालचाल पाहिली. सांगितल्यामुळे जीव गेला, हे मला पटत नाही. सांगणे आणि हात हलणे या दोन गोष्टी एकाच क्षणात मिसळल्या, आणि त्या वेगळ्या करून पुढचे सांभाळणे हे प्रशिक्षण मिळालेल्या अधिकाऱ्याचे काम होते.

म्हणून मी काय करते ते सांगते. गाडी थांबवल्यावर इंजिन बंद, आतला दिवा चालू, चारही काचा खाली, हात सुकाणूवर. कागद काढत नाही. अधिकारी आला की त्याने काही मागण्याआधी, हात तसेच ठेवून, शांतपणे सांगते की माझ्याकडे पिस्तुलाचा परवाना आहे, आज ते माझ्याजवळ आहे, माझे कागद अमुक ठिकाणी आहेत, मी कसे करावे अशी आपली इच्छा आहे? सुरुवात ‘गन’ या शब्दाने कधीही करू नये, हे आम्हाला त्या वर्गात आवर्जून सांगितले होते. दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या जोडीदार अधिकाऱ्याच्या कानावर वाहनांच्या आवाजात तेवढा एकच शब्द पडला, तर तो बाकीचे वाक्य ऐकायला थांबणार नाही. आजवर मला दोनदा थांबवले आहे. एकदा अधिकारी म्हणाला की ठीक आहे, तुमचे तुमच्याजवळ राहू द्या, माझे माझ्याजवळ राहील. दुसऱ्यांदा उतरून मागे उभे राहायला सांगितले आणि पिस्तूल काढून घेतले. पाच मिनिटांनी गोळ्या वेगळ्या आणि पिस्तूल वेगळे असे परत मिळाले. अपमानास्पद वाटले, हे कबूल करते.

साधा माणूस

ताम्हण, आपले हे दुसरे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे असे वाटते. पण खांद्याचा मुद्दा मला सुचला नव्हता. त्यावर विचार करतो.

सह्यवेडा

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. माझे वडील महाराष्ट्र पोलीस दलात होते आणि त्यांनी अनेक वर्षे नाकाबंदीवर काढली. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १९ नुसार शस्त्र बाळगणाऱ्याकडे पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. तो दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारून शस्त्र जप्त करू शकतो. आपण होऊन सांगण्याची तरतूद त्या कलमात नाही. वडिलांना मी हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले की आमच्याकडे हा प्रश्नच कधी आला नाही, कारण परवानाधारक हा पोलीस ठाण्याला तोंडओळखीचा माणूस असे. निवडणूक लागली की त्याचे शस्त्र ठाण्यात जमा व्हायचे, पावती फाडली जायची, निकालानंतर तो ते घेऊन जायचा. नाक्यावरच्या शिपायाने गाडी थांबवताना आत बंदूक असेल हे गृहीत धरण्याचे कारण नसे. अमेरिकेत ते गृहीतकच उलटे आहे, त्यामुळे येथील अनुभवावरून तेथील वागणे ठरवणे धोक्याचे होईल, असे त्यांचे मत पडले.

निळी शाई

वरील चर्चेत एक गोष्ट राहून जाते आहे आणि आपल्या लोकांसाठी ती सांगण्या-न सांगण्याहून मोठी आहे, म्हणून पुन्हा लिहितो.

संघराज्याच्या कायद्यानुसार, तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी व्यक्तीला पिस्तूल किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. एच-वन-बी हा नोकरीसाठीचा व्हिसा, विद्यार्थी व्हिसा आणि आपल्या आईवडिलांचा पर्यटक व्हिसा हे सारे यात येतात. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. २०२२ पासून यासाठी कमाल पंधरा वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. ग्रीनकार्डधारकाला ही बंदी लागू नाही, त्यामुळे पैलतीर यांचा स्वतःचा प्रश्न सुटतो. पण ‘बाळगणे’ याचा अर्थ कायद्यात केवळ अंगावर असणे असा नाही. वस्तू तेथे आहे हे ठाऊक असणे आणि तिच्यावर ताबा ठेवण्याची शक्ती व इच्छा असणे, एवढ्यानेही बाळगणे सिद्ध होऊ शकते. पिस्तूल समोरच्या कप्प्यात आहे आणि त्या कप्प्यासमोर सांगलीहून आलेले वडील बसले आहेत, किंवा गाडी एच-वन-बीवरचा मित्र चालवत आहे आणि आपण मागे झोपला आहात, अशा वेळी पोलिसाने थांबवले तर प्रश्न फक्त आपल्या परवान्याचा राहत नाही. दोषी ठरतीलच असे मी म्हणत नाही, पण महामार्गाच्या कडेला तो वाद घालण्याची वेळ येऊ नये. पाहुण्यांना हौसेने नेमबाजीच्या मैदानावर नेऊन भाड्याचे पिस्तूल हातात देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गाजलेल्या रेहैफ खटल्याची सुरुवात अशाच मैदानावर गेलेल्या, व्हिसा संपलेल्या एका विद्यार्थ्यापासून झाली होती. आपल्याला शस्त्र बाळगता येत नाही अशा वर्गात आपण मोडतो, हे त्याला माहीत होते असे सरकारने सिद्ध केले पाहिजे, एवढा दिलासा न्यायालयाने दिला. बंदी उठवली नाही.

शिवाय ग्रीनकार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे देशातून बाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण असू शकते. न्यू जर्सीतील त्या आईला अमेरिकन नागरिक असल्यामुळे निदान ती भीती नव्हती. तेथे तिच्या जागी आपण असतो, तर माफी मिळेपर्यंत आपले काय झाले असते, याचा विचार करावा. माझ्या दृष्टीने त्या प्रकरणात खरी चूक सीमा ओलांडण्यापूर्वी झाली. दुसऱ्या राज्यातून नुसते पार व्हायचे असेल, तर १९८६ च्या संघराज्य कायद्यानुसार रिकामे केलेले पिस्तूल आणि गोळ्या हाताला सहज लागणार नाहीत अशा जागी, म्हणजे डिकीत, ठेवून जाता येते. मात्र जेथून निघालो आणि जेथे पोहोचायचे आहे, त्या दोन्ही ठिकाणी ते बाळगणे आपल्याला कायदेशीर असले पाहिजे.

साधा माणूस यांनी सांगितलेला चौथ्या सर्किटचा निकाल बरोबर आहे. त्याला जोड म्हणून हेही सांगतो की १९७७ च्या मिम्स खटल्यापासून, कायदेशीरपणे थांबवलेल्या चालकाला गाडीतून उतरायला सांगण्याचा पोलिसाचा अधिकार पक्का आहे. त्या खटल्यातही जुन्या नंबरप्लेटसाठी थांबवलेल्या माणसाच्या कोटाखालचा फुगवटा पाहून पुढचे सारे घडले होते. म्हणजे गप्प राहिलो आणि उतरताना अंगरखा वर सरकला, तर पोलिसाला ते डोळ्यांनी दिसणार, आपल्या तोंडून कळणार नाही. यातले कोणते बरे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी स्वतः पहिल्याच्या वाट्याला जाणार नाही.

एक भेद मात्र पाळावा. पिस्तूल आहे असे सांगणे म्हणजे गाडीची झडती घ्यायला संमती देणे नव्हे. झडतीची परवानगी मागितली तर नम्रपणे नाही म्हणता येते. त्यानंतरही त्याने घेतली, तर रस्त्यावर अडवू नये. तो हिशेब न्यायालयात मांडावा.

पैलतीर

सर्वांचे मनापासून आभार. हा सारा धागा बायकोला वाचून दाखवला. ताम्हण यांचा खांद्याचा मुद्दा आला तेव्हा तिने माझ्याकडे नुसते पाहिले, कारण मी त्या दिवशी अगदी तेच केले होते, आणि तेही पिस्तुलाच्याच बाजूला झुकून.

आम्ही असे ठरवले आहे. नोंदणीपत्र आणि विम्याचा कागद काल समोरच्या कप्प्यातून काढून चालकाच्या डोक्यावरील सावलीच्या फळीत लावले, आणि वाहनपरवाना मागच्या खिशातून शर्टाच्या खिशात आणला. आता कोणत्याही कागदासाठी कमरेकडे किंवा खाली हात नेण्याची गरज पडणार नाही. मिशिगनमध्ये तर सांगायचेच आहे. ओहायोतही, कायदा मागत नसला तरी, कागद देण्यापूर्वी सांगेन. साधा माणूस यांनी दाखवलेला धोका मला खोटा वाटत नाही, पण माझी नोंद संगणकावर आहेच, तेव्हा ती लपवून मला काही मिळत नाही. पुढच्या महिन्यात आईबाबा येत आहेत. ते असेपर्यंत पिस्तूल घरातल्या तिजोरीत राहील आणि किल्ली माझ्याकडे.

आमचा प्रशिक्षक हे वाचू शकत नाही, हे एका अर्थी बरे आहे.

निळी शाई

सावलीच्या फळीची कल्पना चांगली आहे. ट्रॉयला परत जाल तेव्हाची एक शेवटची सूचना: डेट्रॉईटमधून जाताना आंतरराज्य ७५ वर अँबेसेडर पुलाकडे वळणाऱ्या फाट्यावर चुकूनही जाऊ नका. तो पूल थेट कॅनडातील विंडसरला उतरतो, आणि त्या नाक्यावर ओहायोचा परवाना दाखवून काहीही उपयोग होत नाही. शक्य असेल तर टोलीडोनंतर आंतरराज्य २७५ या महामार्गाचा वळसा घ्या. दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतील.